खंडेनवमीचा कॉम्प्युटर

रविवार होता. मी बुलढाण्याच्या घरी गॅलरीत मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात मोताळ्याहून वहिनीचा फोन आला. "कुंदाबाई, तुम्ही या," एवढंच ती म्हणाली. फोन मात्र चालू राहिला. पलीकडे बायांचा आवाज, खुर्ची सरकवल्याचा आवाज, कोणीतरी "पाणी आना, पाणी" म्हणतंय... काय ते मला कळलं होतं. तरी मी वेड्यासारखी म्हणत राहिले, "भाऊले द्या नं फोन. भाऊले द्या." राजूरचा घाट उतरून मोताळा गाठायला असा कितीसा वेळ लागतो? त्या दिवशी मात्र घाट संपता संपेना.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, मधुकर. मोताळ्याच्या शाळेत उभी हयात गणित शिकवून निवृत्त झालेले मधुकर मास्तर. सकाळचा चहा पिऊन तो नेहमीसारखा मागच्या खोलीत त्याच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला आणि त्या खुर्चीतच गेला. कोणाला हाक नाही, कोणाला त्रास नाही. जन्मभर त्याचा हाच स्वभाव. मी पोचले तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत आणून निजवलं होतं. मी मागच्या खोलीत गेले. शेजारच्या कोणा भल्या माणसानं कॉम्प्युटरचं बटण बंद केलं होतं, पण फ्लॉपी ड्राइव्हमध्ये तशीच राहिली होती. भाऊचा नियम होता, आधी फ्लॉपी काढायची, कव्हरात घालायची, मग बटण. उलटं केलं की तो घर डोक्यावर घ्यायचा. एवढ्या रडारडीत माझ्या मनात काय यावं, तर आता भाऊ ओरडणार... मग तो ओरडणार नाही हे लक्षात आलं आणि मी तिथेच खाली बसले. ती फ्लॉपी काढायला त्या दिवशी माझा हात धजला नाही.

हा कॉम्प्युटर आमच्या घरात आला तेव्हा मी नववीत होते आणि भाऊ नुकताच शाळेत नोकरीला लागला होता. खामगावच्या एका डॉक्टरांच्या मुलानं तो परदेशातून आणला होता आणि महिन्याभरात त्याला त्याचा कंटाळा आला होता. भाऊनं डॉक्टरांच्या धाकट्याला गणित शिकवलं आणि त्याच्या बदल्यात हे यंत्र घरी आणलं. दिसायला नुसता एक जाडजूड कीबोर्ड. जे काही होतं ते त्याच्याच पोटात. त्याला घरातला टीव्ही जोडायचा, म्हणजे अण्णांच्या बातम्या बंद. आमचे वडील पंचायत समितीत कारकून. दिवसभर साहेबाचं ऐकून घरी यायचे आणि घरी आपल्याच टीव्हीपुढे मुलाच्या परवानगीची वाट पाहायचे. आधी भाऊ सगळं टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. ते दहा वेळा चढवलं तर दोन वेळा चढायचं. पुढे त्याच डॉक्टरांकडून डिस्क ड्राइव्ह आला. ब्रेडच्या डब्याएवढी लोखंडी पेटी. पापडाएवढी पातळ, चौकोनी, काळी फ्लॉपी तिच्या फटीत सरकवायची, वरची खिटी पाडायची, की लाल दिवा लागायचा आणि आत काहीतरी घर्रर्र फिरायचं. भाऊनं सगळं फ्लॉपीवर घेतलं, आणि रिकाम्या झालेल्या कॅसेटींवर अण्णांनी तातडीनं भजनं भरून घेतली.

सगळं म्हणजे काय, तर अक्षरं. त्या यंत्राला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं आणि भाऊच्या डोक्यानं घेतलं होतं की त्याला मराठी आलं पाहिजे. तो आलेखाच्या वहीत चौकोन काळे करत बसायचा. एकेका अक्षराला दहा-दहा कागद. मग त्या चौकोनांचे आकडे करायचे, ते आकडे यंत्रात भरायचे, पडद्यावर अक्षर कसं दिसतं ते पाहायचं आणि पुन्हा खोडायचं. वर्षभर हेच. त्यानं पडद्यावर काढलेला पहिला पुरा शब्द म्हणजे मोताळा. एकट्या 'ळ'नं आठवडा खाल्ला होता. आम्हा सगळ्यांना हाका मारून त्यानं टीव्हीपुढे उभं केलं. अण्णांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाले, "मोताळा पाह्याले टीव्ही कायले लागते बे? दार उघड नं." पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या दोघांना ते मुद्दाम चहाला घेऊन आले, हेही मी पाहिलं आहे.

बुलढाण्याला मास्तरांचं एक शिबिर होतं. तिथे नागपूरचे एक साहेब आले होते. भाऊनं त्यांना आपले कागद दाखवले. साहेब म्हणाले, आमच्याकडे कॉम्प्युटरवर मराठी आणायचं काम सुरू होतंय, माणूस हवाच आहे. दसरा झाला की तुझं यंत्र घेऊन ये, चालवून दाखव. असलं यंत्र त्यांच्याकडेही नव्हतं, म्हणून भाऊनंच आपलं न्यायचं होतं. त्या दिवशी भाऊ घाट उतरून घरी आला तो हसतच. मला म्हणाला, "कुंदे, मी नागपूरले गेलो तं तुले तिकडंच शिकाले नेतो." मी दहावीत होते. घरातल्या कप-बश्या विसळतानासुद्धा मला नागपूर दिसायला लागलं.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. शेती नसली तरी अण्णांची सायकल, आईचं शिलाई मशीन, विळा, अडकित्ता, माझी कंपासपेटी, सगळं धुऊन-पुसून मांडलेलं असायचं. त्या वर्षी त्यात कॉम्प्युटर आला. पूजेचं ताट माझ्या हातात होतं. आई चुलीपासूनच ओरडली, "वरवर नको लावू वं कुंदे. जिथं काम होते तिथं लाव." आता जिथं काम होतं ते ठिकाण मला ठाऊक होतं. दोनच दिवसांपूर्वी भाऊनं सांगितलं होतं की कीबोर्ड अन् टीव्ही म्हणजे नुसतं तोंड, खरं काम ड्राइव्हच्या आत होतं. मी वर्गातली हुशार मुलगी. मी खिटी उचलली, चिमूटभर हळद-कुंकू आणि चार अक्षता त्या फटीतून आत सोडल्या, खिटी पाडली, वरून एक कुंकवाचं बोट लावलं आणि डोळे मिटून देवाला सांगितलं, भाऊला नागपूर मिळू दे.

पूजेला लावलेली वस्तू दसऱ्यापर्यंत वापरायची नाही, हा आईचा दंडक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर भाऊ यंत्रापुढे बसला. लाल दिवा लागला, फ्लॉपी फिरली आणि आतून आवाज आला... खट्, खट्, खट्. पुन्हा खट्, खट्, खट्. वाचणारं डोकं सरकायला पाहायचं आणि अडायचं. भाऊनं वरचं झाकण काढून पाहिलं, फुंकर मारली, दुसरा सगळा दिवस खटपट केली. मग पेटी मांडीवर घेऊन एसटीनं मलकापूरला गेला. तिथल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं वरवर पाहून सांगितलं की याचं डोकं गेलं आणि पार्ट आपल्याकडे मिळत नाही. भाऊनं नागपूरला पत्र लिहिलं, तब्येत ठीक नसल्यामुळे येता येत नाही. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. त्या पत्राचे त्यानं तीन कागद फाडले. तिकडून उत्तर आलं नाही. कागद होते, आकडे होते, सगळं पुन्हा भरता आलं असतं. दोनदा बसलासुद्धा. पण त्याचं मन उडालं होतं. उन्हाळ्यात त्यानं यंत्र आणि ड्राइव्ह आईच्या जुन्या पातळात गुंडाळून माळ्यावर टाकले. मी बुलढाण्यात शिकले, बुलढाण्यातच नोकरीला लागले.

त्याच दिवशी मी बोलायला हवं होतं. आता हे लिहिणं सोपं आहे. तेव्हा आधी भीती वाटली, मग वाटलं सांगून ड्राइव्ह थोडाच चालणार आहे, मग माझं लग्न, त्याचं लग्न, आई-अण्णांची दुखणी... आणि गप्प बसायची एकदा सवय झाली की तोंड उघडायला जागाच सापडत नाही. मी सरकारी ऑफिसात फायली सांभाळते. कुठला कागद कुठे दडलाय हे मला अचूक माहीत असतं. ही एक फाइल मी कधी कोणापुढे ठेवली नाही. दर खंडेनवमीला मात्र ताट हातात घेतलं की मी अक्षता एकेक मोजून वाहायचे. सासरचे म्हणायचे, कुंदा फार श्रद्धाळू.

भाऊ तक्रार करणारा नव्हता. मोबाइलवर मराठी लिहिता यायला लागलं तेव्हा त्याचा मला पहिला संदेश आला, "कुंदे, आलं गं शेवटी." थोड्या वेळानं दुसरा, "पण ळ माझाच चांगला होता." मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. खाली उत्तर लिहिलं, "हो."

निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आतच त्याचा फोन आला. "येत्या रविवारी ये वं कुंदे. माळ्यावरचं काढून राह्यलो. तुया हातानं टॉर्च धर, सुमनचा हात हालते." सुमन म्हणजे वहिनी. माळ्यावर तो ड्राइव्हही होता. नाही कसं म्हणणार? मग दोन वर्षं माझे बरेचसे रविवार त्या मागच्या खोलीत गेले, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे रविवार होते. यंत्राच्या पोटातले फुगलेले कॅपेसिटर त्यानं बदलले. डोळ्याला भिंग लावून कथलाचा डाग देताना तो पुन्हा चोवीस वर्षांचा दिसायचा. नव्या टीव्हीला ते यंत्र जोडलं जाईना, म्हणून धामणगाव बढ्याला एका विद्यार्थ्याच्या घरी जुना डबा टीव्ही आहे असं कळल्यावर आम्ही दोघं तो आणायला गेलो. विद्यार्थी आता आजोबा व्हायला आला होता. टीव्ही रिक्षात ठेवून देताना तो भाऊच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, चालू झालं तं मले बलवा." प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वायर वेगळ्या डबीत जायची आणि डबीवर भाऊच्या शिस्तीच्या अक्षरात चिठ्ठी. "वरचे स्क्रू". "फ्यूज". "बेल्ट, चालेल". "बेल्ट, चालणार नाही".

ड्राइव्हची पाळी सगळ्यात शेवटी आली. त्या रविवारी मी जेवलेसुद्धा नाही. भाऊनं पेटी उलटी केली, खालची पाटी सोडवली. फिरवणारा रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. तो खरवडून काढला. मग मलकापूरच्या माणसानं कधीच न उघडलेली आतली पट्टी त्यानं उचलली आणि चिमटा घेऊन डोकं सरकतं त्या दांडीपाशी वाकला. मी टॉर्च धरून उभी. चिमटा थांबला. भाऊ तसाच वाकलेला. किती वेळ... "काय सापडलं भाऊ?" मी विचारलं. "काई नाई," तो मान वर न करता म्हणाला. "बेल्टाचा चिखल हाये. तू चहा टाक जा." मी चहा घेऊन आले तेव्हा तो स्पिरिटनं चिमटा पुसत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "रबर गेलं होतं कुंदे. रबर कोनाच्या हातात नसते."

काय सांगू मला कसं झालं! छत्तीस-सदतीस वर्षांचं ओझं कपभर चहात विरघळलं. म्हणजे मी नव्हते. म्हणजे रबर होतं. बुलढाण्याला परत जाताना एसटीत मी शेजारच्या अनोळखी बाईला माझ्या डब्यातले लाडू खाऊ घातले. ज्या दसऱ्याला ड्राइव्ह बंद पडला त्या दसऱ्याला ते रबर चांगलं ताणलेलं असणार, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. खरं म्हणजे मी ती येऊ दिली नाही.

मग बेल्टचा शोध. सायकलच्या ट्यूबची चकती कापून पाहिली, ती घसरायची. शेवटी आठवडी बाजारात एका मोडक्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट मिळाला. तो बसला, पण फिरण्याचा वेग बरोबर हवा. ड्राइव्हच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघा होत्या. भाऊ म्हणाला, ट्यूबलाइटच्या उजेडात या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. घरात तर सगळे नवे दिवे, जुन्या ट्यूबसारखे विजेबरोबर न लुकलुकणारे. त्यांच्या उजेडात रेघा स्थिर होईनात. म्हणून शाळेच्या अडगळीतून चोकवाली जुनी ट्यूब आणून खोलीत लावली. ती चारदा उघडझाप करून लागली. भाऊ बारीक स्क्रू फिरवत होता आणि मी रेघांकडे पाहत होते. आधी पुढे पळाल्या, मग मागे पळाल्या, मग हळूहळू... थांबल्या. चाक जोरात फिरत होतं आणि रेघा जागच्या जागी उभ्या. "थांबल्या भाऊ!" मी ओरडले. त्यानं जुनी फ्लॉपी पुसून सरकवली, खिटी पाडली. लाल दिवा. घर्रर्र. पहिल्यांदा काही आलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी टीव्हीवर एकेक ठिपका उमटत गेला आणि शब्द उभा राहिला, मोताळा. भाऊनं पडद्यावरच्या 'ळ'वरून बोट फिरवलं, काचेवरची धूळ पुसावी तसं. धामणगावच्या विद्यार्थ्याला फोन मी लावला.

गेल्या खंडेनवमीला त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. ड्राइव्ह पाटावर मांडला होता. ताट माझ्या हातात देत तो म्हणाला, "लाव कुंकू. पन बाहेरूनच लाव हं." आणि हसला. वहिनी हसली नाही, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मीही हसले. भाऊची थट्टा, यंत्राला जपतो, असं मला वाटलं. मी पत्र्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि त्याला वाकून नमस्कार केला. तो म्हणाला, "बस. एवढंच पुरते."

तेरावं झाल्यावर पुढच्या रविवारी वहिनीनं मला मागची खोली आवरायला बोलावलं. डब्या एकेक करून खोक्यात ठेवत होते. स्क्रू, फ्यूज, बेल्ट. त्यांच्या मागे फोटोच्या रोलची एक काळी डबी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पूजा". उघडली. आत तांदळाचे चार दाणे होते. रंग उडून तपकिरी झालेले, एक मधोमध चेपलेला. मी चारही मोजले, पुन्हा मोजले. वहिनी दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती सगळं जाणून आहे हे मला दिसलं.

"काऊन नाही सांगतलं मले?" मी विचारलं.

"त्याईनंच सांगू नको म्हणलं होतं," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर ते जेवले नाई. इथंच बसून राह्यले. म्हणे, सुमन, नागपूर कुठंच गेलं नव्हतं, चार दान्यांखाली दबून होतं. मी म्हणलं, विचारा नं बहिनीले. तं म्हणे, पोरीनं देव समजून वाह्यल्या अक्षदा. मायासाठीच काई मागतलं असन तिनं. आता सांगतलं तं ती सोताले खात राहीन."

मी माझं गुपित इतकी वर्षं जपलं ते स्वतःला वाचवायला. त्यानं ते दीड वर्ष जपलं ते मला वाचवायला. नागपूर हुकल्याचं दुःख त्याला नव्हतं असं मी स्वतःला अजिबात सांगणार नाही. ते होतं, तो त्या दिवशी जेवला नव्हता. मला एकच हवं आहे, एक रविवार. त्याच्यासमोर टॉर्च धरून उभं राहायचं आणि तो वाकलेला असताना म्हणायचं, भाऊ, ते माझं आहे, दे इकडे. बाकी काही नको. पण तो रविवार मी चहा टाकायला जाऊन घालवला.

मी खुर्चीत बसले. ट्यूब लावली, ती चारदा उघडझाप करून लागली. मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. फ्लॉपी आत होतीच, भाऊ गेला त्या सकाळची. लाल दिवा लागला, चाक फिरलं, ठिपके उमटले. मोताळा. डबी मुठीत धरून मी मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, मीच टाकल्या होत्या." वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. चाक थोडा वेळ फिरत राहिलं आणि थांबलं. मग मी खिटी उचलली, फ्लॉपी काढली, कव्हरात घातली आणि त्यानंतर बटण बंद केलं.

वहिनी म्हणाली, "शाळेवाले विचारून राह्यले कुंदाबाई. प्रदर्शनात ठेवतो म्हणतात. देऊन टाकू काय?"

ड्राइव्हच्या पत्र्यावर मी ओढलेलं कुंकवाचं बोट अजून तसंच होतं.

"द्या," मी म्हटलं. "पण दसरा झाल्यावर. खंडेनवमीले मी येतो वहिनी, ताट मायाच हाती द्या. बाहेरूनच लावीन."